पानी आणि तांबी

“पानी नाही. पाणी म्हण. मग देते.”

सरकारी दवाखान्यातली सिस्टर पेला हातात धरून उभी होती आणि मी बाळंतपणाच्या खाटेवर कळा देत होते. घशाला कोरड पडलेली. बाजूची आया फिदीफिदी हसली. आम्ही अर्नाळ्याचे, मासेमारी करणारे. आमच्या घरात पहिल्यापासून पानीच. तरी मी म्हणाले, “पाणी.” दोनदा म्हणायला लावलं. मग घोटभर मिळालं. त्या घोटाची आजही किळस येते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगी झाली. दुसरी. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघताच सिस्टरला म्हणाल्या, “हिला तांबी बसवून टाका. या लोकांना सांगून कळत नाही.”

पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून बसवतात ती तांबी. मला कुणी विचारलंच नाही. मासळी साफ करताना आपण मासळीला विचारतो का? तसंच.

“मला नको,” मी म्हणाले.

सिस्टर फणकारली. “फुकटात बाळंतपण पाहिजे आणि वर नखरे? सरकारी खाटेवर सरकारचं ऐकायचं.”

आईने पडद्याआडून हात जोडले. “बाय, गप ऱ्हा. आपला जीव त्यांच्या हातात हाय.”

आईचे ते जोडलेले हात बघून माझं डोकं सटकलं. शाळेत राज्यघटना शिकले होते. सरकारलासुद्धा हद्द असते, असं बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं. मी ते परीक्षेपुरतं घोकलं आणि विसरले. ती हद्द माझ्या अंगापाशी संपते, हे त्या खाटेवर कळलं.

रक्ताने भिजलेले पाय मी घट्ट मिटले. सिस्टरचं मनगट धरलं. “हात लावायचा नाय. खाट सरकारची हाय. अंग माझं हाय.”

“माजलीस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हातमोजे काढून निघून गेल्या. टाके घालायला कितीतरी वेळ कुणी आलं नाही. लेकीला छातीशी धरून मी तशीच पडून राहिले. सिस्टरची आणि डॉक्टरीणबाईंची किळस येत होती, आणि दोनदा ‘पाणी’ म्हणालेल्या माझ्या जिभेचीही.

दवाखाना चालवणं हे सरकारचं काम. त्यात उपकार कसले? आणि न विचारता बाईच्या अंगात हात घालणं हे कुठल्याच सरकारचं काम नव्हे. आता गावातली कुठलीही पोर बाळंतपणाला निघाली की मी सोबत जाते. कुणी बोलावलं नाही तरी जाते. दारातच सिस्टरला सांगते, “पयलं पानी द्या. आनि इचारल्याबिगर हात लावायचा नाय.”