वरच्या वस्तीचा नळ

मुलाच्या जर्मनीतल्या, रेगेन्सबर्गच्या घरात, हॉलच्या भिंतीवर, माझा एक जुना फोटो आहे. मी सार्वजनिक नळापाशी उभा आहे आणि शेजारी एक बाई हंडा भरताना हसते आहे. मी पाणीपुरवठ्यात शाखा अभियंता होतो. मुलगा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पाहुणे आले की तो सांगतो, "बाबांनी त्या गावाला पाणी दिलं." मी चहा पितो.

त्या गावाची वरची वस्ती टेकाडावर होती आणि टाकी तिच्यापेक्षा जेमतेम उंच. खालचे नळ चालू असले की वस्तीपर्यंत पाणी पोचत नसे. हे मला पाइप टाकतानाच कळलं होतं. टाकीची जागा मीच चुकवली होती. तपासणीच्या सकाळी मी वॉल्व्हमनला सांगितलं, "गावाचे वॉल्व्ह बंद कर." वरच्या नळाला धार आली. वरिष्ठांनी चूळ भरून पाहिली, फोटो निघाला, मी पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही केली.

"साहेब, उद्या पन येईल नव्हं?" त्या बाईने विचारलं.

"येईल की, मावशी," मी म्हणालो.

खालच्या गावात खरोखर फरक पडला. पहाटेच्या खेपा थांबल्या. बायकांना सकाळी पोरींच्या वेण्या घालायला वेळ मिळू लागला, आणि मास्तर म्हणायचे, मुली आता प्रार्थनेला हजर असतात. वस्तीवरच्या बायका मात्र ओढ्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरत राहिल्या. त्या मावशींची मुलगी सातवीतून घरी बसली, कारण झिऱ्यावर नंबर धरायला कुणीतरी लागायचं. हे मी दोनदा पाहिलं. मग त्या रस्त्याने जाणं टाळलं. वस्तीला वेगळी टाकी झाली ती मी निवृत्त झाल्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून.

आठ वर्षांच्या नातीला शाळेत पाण्यावर बोलायचं होतं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तिने फोटो भिंतीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवला. मी नळ सुरू झाल्याची गोष्ट सांगितली. तिने काहीतरी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी आलं का, म्हणतेय," सून म्हणाली.

"नाही आलं."

मुलगा हसला. "लाइट गेले असतील, बाबा."

"लाइट होते. गावाचे वॉल्व्ह मी बंद करायला लावले होते. फोटोपुरते."

"शाळेत हे कशाला सांगायचं? लहान आहे ती."

"अरे, ऐकून तर घे त्यांचं," सून म्हणाली.

नातीने पुन्हा विचारलं, यावेळी माझ्याकडे बघत. सुनेने सांगितलं, "त्या मावशींना हे माहीत आहे का, असं विचारतेय."

माझा वॉल्व्हमन आता म्हातारा झाला आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज देवाचे फोटो पाठवतो. त्याला लिहिलं. रविवारी तो वस्तीवर गेला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, वॉल्व्ह, टाकीची जागा, सही. मुलगा माझ्या मागे उभा होता.

"मला तवाच कळलं हुतं, साहेब," त्या म्हणाल्या. "खालच्या बाया वरडत हुत्या, आमचं पानी कुनी तोडलं म्हनून."

"मग हसलात कशाला?"

"हंडा भरला हुता की माझा."

मुलीबद्दल विचारायचं होतं. तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, "पोरगी मातूर शिकली नाय." मी "माझ्यामुळे" म्हणालो. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

नातीने वर्गात गोष्ट सांगितली ती वॉल्व्हसकट. फोटो परत भिंतीवर आहे. पाहुण्यांना मुलगा आता काही सांगत नाही. कुणी विचारलं तर मी सांगतो.