कुंपणाशेजारचा पंच

ती घटना आठवली की आजही आधी धानाच्या ताज्या तणसाचा वास येतो. हिवाळ्याची सकाळ होती. साकोली तालुक्यातल्या माझ्या ठाण्यात हजेरी आटोपून आम्ही शेकोटीभोवती चहा घेत होतो. काय दिवस होते ते! तेवढ्यात एकोडीच्या बाजूच्या गावातली एक म्हातारी आली. शिपाई कामाला पांगेपर्यंत ती बोललीच नाही.

"साहेब, माहा पोरगा सांदवाडीत गांजा लावून बसला हाये. घरात नातू खेळते. त्याले दम द्या. पण माह्यं नाव येऊ देऊ नका."

नुसत्या दमावर भागणार नाही, गुन्हा दाखल होईल, हे मी स्पष्ट सांगितलं. ती उठली.

"मंग करा जी काय करायचं थे."

स्टेशन डायरीत नोंद झाली ती 'गुप्त बातमीदाराकडून' अशी.

घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, तुरीच्या आड ती झाडं होती. एकही कुंपणावर डोकावत नव्हतं. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक मिळाला. दुसरा शोधत असताना शेजारचा ढिवर जाळं खांद्यावर टाकून तलावावरून परतताना दिसला. मी त्याला थांबवलं.

"मले कायले, साहेब?"

"सही करायला."

त्याने केली. सगळं गाव बघत होतं.

ठाण्यात आरोपी एकच पालुपद लावून बसला. "आपोआप उगवले जी. पाखराईनं बी टाकलं असन." मी शेतकऱ्याच्या घरचा. एका झाडाचा शेंडा खुडलेला, दुसरं सुतळीने वाकवून बांधलेलं, तिसरं तसंच सोडलेलं, हे मी पाहिलं होतं. पठ्ठ्याचे प्रयोग चालले होते. मी हवालदाराला मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "शेंडा खुडणारा अगदीच अडाणी दिसतो. झाड वाया घालवलं."

आरोपी उसळला. "वाया कसं जाईन? तुरीचा शेंडा नाई खुडत का आपण? बाजूनं फुटते, अन् उंची कुंपणाखाली राह्यते. बांधलेलं मातर फसलं."

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली. "मंजे पाखराईनं सुतळीबी आणली होती!"

आरोपीलाच हसू आलं. मग त्याने सगळं सांगितलं. माणूस गुन्हा नाकारतो, पण आपल्या हातच्या कामाला नावं ठेवलेली त्याला सोसत नाहीत, हे मी तिथे शिकलो.

त्याला शिक्षा झाली. पण गावाने ठरवून टाकलं की खबर शेजारच्या पंचानेच दिली. ढिवराची मासोळी कोणी घेईना. तो ठाण्यात आला.

"साहेब, गावात एकदा सांगा ना."

"बातमीदाराचं नाव सांगता येत नाही."

"नाव कोण इचारून राहिला? मी नोहो, एवढंच सांगा."

तेवढंही मी सांगितलं नाही. 'तो नाही' असं म्हटलं असतं, तर उरलं असतं घरातलंच माणूस; गावाची नजर थेट म्हातारीकडे वळली असती. त्यानंतर मी पंच नेहमी दुसऱ्या गावाहून आणले. पण त्याचा त्या ढिवराला काय उपयोग?

म्हातारी आता नाही. जाण्याआधी तिने मुलाला स्वतःच सांगितलं. तोच मला येऊन सांगून गेला. जिला जपायचं होतं तीच उरली नाही. तेव्हा त्या गावाने वाचावं म्हणून लिहितो. जाळं खांद्यावर घेऊन आलेल्या त्या माणसाने मला काहीही सांगितलं नव्हतं. मी हाक मारली, म्हणून तो थांबला होता.