भिंगवहिनींचे सत्तर

आमच्या शेजारच्या भिंगवहिनी कशालाही सत्तरापैकी गुण देत. भाचीच्या लग्नात नवरदेवाला निरखून म्हणाल्या, "पासष्ट. चकाकी आहे, पण डाव्या गालावर ओरखडा." दाढी करताना बिचाऱ्याला कापलं होतं.

सवय कामाची. नाण्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्या संग्राहकांच्या नव्या नाण्यांची प्रत ठरवत. कुणाच्या खिशात न गेलेलं नाणं साठापासून सुरू होई. सत्तर म्हणजे भिंगाखालीसुद्धा ना डाग, ना चरा. असं नाणं वहिनींना अजून भेटायचं होतं.

"वहिनी, तुम्ही चंद्रालाही अडुसष्टच द्याल," दुकानाचे शेठ म्हणत.

"अडुसष्ट? खड्डे बघितलेत का त्याचे?"

त्या खोलीचा कायदा कडक होता. नाणं कडेनंच धरायचं, पुसायचं नाही, आणि उघड्या नाण्यापुढे तोंड उघडायचं नाही. थुंकीचा कण उडाला की चांदीवर ठिपका कायमचा.

आणि अशा बाईला नवरा मिळाला बस कंडक्टर! त्यांनी पुढचा स्टॉप पुकारला की त्या स्टॉपवर उभी असलेली माणसं पिशव्या उचलायला लागत. सगळे त्यांना भोंगाराव म्हणत. हसणं सातमजली. रोज दुपारी वहिनींचा डबा घेऊन येत, पण खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबत. आत यायला बंदी होती.

या भोंगारावांनी मनात एक हट्ट धरला होता. आपल्या लग्नाच्या वर्षाचं चांदीचं नाणं घ्यायचं आणि त्याला बायकोच्या हातून सत्तर मिळवायचे. सांगून वशिला लागणार नव्हता. म्हणून त्यांनी शेठना फितवलं आणि नाणं 'एका गिऱ्हाइकाचं' म्हणून टेबलावर जाऊ लागलं.

पहिलं नाणं त्यांनी प्रेमानं बनियनला घासून लखलखीत केलं. वहिनींची चिठ्ठी आली : 'गुण नाहीत. पुसलेलं आहे. मालकाला समज द्यावी.' दुसऱ्याला त्यांनी बोटही लावलं नाही, नुसती धूळ दिसली म्हणून फुंकर मारली. चिठ्ठी आली : 'सदुसष्ट. थुंकीचा ठिपका. मालक बडबड्या दिसतो.'

"बघा, न बघता ओळखलं मला!" भोंगाराव शेठना म्हणाले. हळहळावं की मिरवावं, त्यांना कळेना.

तिसरं नाणं मिळायला फार दिवस गेले. शेठ म्हणाले, "आता त्या वर्षाचं पुन्हा मिळेल असं वाटत नाही हं." या खेपेला भोंगारावांनी नाण्याची डबी उघडलीच नाही.

त्या दुपारी ते डबा घेऊन उंबऱ्यावर उभे होते आणि शेठ टेबलापाशी. वहिनींनी दिवा तिरका केला. नाणं कडेनं धरून फिरवलं. उलटलं. पुन्हा सुलटं केलं. मोठं भिंग काढलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

भोंगारावांना वाटलं, रडतेय. छे! वहिनींना हसू आवरत नव्हतं. ज्याची जन्मभर वाट पाहिली ते समोर होतं, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती! त्यांनी नाणं हलकेच मखमलीवर ठेवलं, मान मागे वळवली, सात बोटं दाखवली आणि मग बोटांचं शून्य केलं.

शेठचे गाल फुगले. भोंगारावांनी डब्याची पिशवी तोंडात कोंबली.

आता फक्त नाणं पारदर्शक पेटीत बंद करायचं होतं. पण वहिनींचं हसू काही थांबेना. शेठ हसू दाबत टेबलाला टेकले, तर त्यांच्या पोटाबरोबर टेबल हलायला लागलं. वहिनींनी त्यांच्याकडे डोळे वटारले, त्यानं तर आणखीच पंचाईत. भोंगारावांच्या नाकातून किटलीसारखी शिट्टी निघाली. वहिनींनी श्वास कोंडला, नाणं खाचेत ठेवलं, झाकण दाबलं. टक्!

मग जो स्फोट झाला! समोरचा न्हावी हातातला वस्तरा घेऊनच धावत आला आणि त्याच्यामागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक.

"काय झालं?"

"सत्तर!" भोंगाराव गरजले.

"अरेरे," न्हावी म्हणाला, "काही फार वय नव्हतं हो."

वहिनींनी डोळे पुसले. "शेठ, या नाण्याचा मालक दाखवा मला. किती शहाणा माणूस! हातसुद्धा लावला नाही त्यानं."

शेठनी उंबऱ्याकडे बोट केलं. वहिनींनी नाण्यावरचं वर्ष पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तो बडबड्या…"

"मीच."

"आणि तो पुसणारा अडाणी?"

"तोही मीच गं."

वहिनींनी टेबलाजवळ एक खुर्ची ओढली. मग म्हणाल्या, "अहो, बाहेर काय उभे? आत या."

भोंगाराव चपला काढून, पाहुण्यासारखे आत आले. "आणि मला किती?"

वहिनींनी भिंग लावून त्यांचा चेहरा कानापासून कानापर्यंत तपासला. "एकसष्ट."

"बस, एवढेच?"

"वापरातल्या नाण्याला साठ कधीच मिळत नाहीत," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमच्यासाठी नियम मोडलाय. कुणाला सांगू नका."

हे भोंगारावांना सांगून काय उपयोग? संध्याकाळच्या बसमधल्या मागच्या बाकावरच्या उतारूपर्यंत ते एकसष्ट पोचले.