दाजींच्या रानातला बॉस्टनचा घुमट

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लेकाकडं दोन महिने बॉस्टनला राहून आले आणि इस्लामपूरजवळच्या त्यांच्या उसाच्या फडाशेजारी अमेरिका उगवली.

तिथल्या जुन्या इमारतींनी माणूस पार खुळावला होता. लाल विटांची चर्चं, कुणी पुढारी जेवून गेलेली खाणावळ आणि सोनेरी घुमटाचं विधानभवन. प्रत्येक फोटोत त्यांच्यापुढं दाजी छाती काढून उभे. दोनशे वर्षांची इमारत, म्हणे. आमच्या औंधाच्या डोंगरावरच्या देवळाची पायरी तिला नातवंडात धरणार नाही. पण लेक रोज त्या घुमटापाशी जाऊन बसतो, हे दाजींनी पाहिलं होतं. तसाच इथं बांधला तर पोरगं कायमचं परत येईल, एवढीच त्यांची आशा. त्यासाठी त्यांनी राहतं घर, सोप्यासकट, पाडलं आणि तिथंच घुमटाचं घर बांधायला काढलं. लेकाला पत्ता लागू दिला नाही.

गवंडी जन्मभर देवळं बांधलेला. दाजी लग्नाला फलटणला गेले तेव्हा त्यानं मला हळूच विचारलं, घुमट असाच सोडायचा का. मी म्हणालो, "बोडकं डोकं बरं दिसतं व्हय? कळस चढव."

दाजी परतले ते थेट कळसाखालीच. दोन दिवस रस्त्यावर जाऊन मान वाकडी करून बघत राहिले. मग म्हणाले, लांबून तसंच दिसतंय. लांबून तर एसटीतले लोक हात जोडू लागले. एक म्हातारी नारळ घेऊन आली, तिला दाजी घामाघूम होऊन समजावत होते, "आवं मावशी, हे घर हाय."

दिवाळीला भाचा आला. फाटकाशी गाडीतून उतरला, बूट काढले, घुमटाकडं बघून हात जोडले.

"आबा, देऊळ लय झ्याक बांधलंय. आपलं घर कुठं हाय?"

दाजी कळसाकडं बघू लागले. बहीण मात्र माझ्याकडं बघत होती.

भाचा आठ दिवस राहिला. सगळे दिवस गोठ्यात बाज टाकून बसला. जुन्यातलं तेवढंच उरलं होतं. तो गेल्यावर दाजींनी मला विचारलं, "कळस नसता तर राहिला असता का रं?"

 त्याच दिवशी मी गवंड्याला बोलावून कळस उतरवून घेतला. आता ते घर पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं दिसतं आणि कुणी हात जोडत नाही. दाजी रोज सकाळी फाटकाबाहेर जाऊन ते लांबून बघतात. म्हणतात, पुढच्या दिवाळीला बघू.