तत्त्वज्ञान आणि पहिल्या मजल्याचं पाणी

तत्त्वज्ञानामुळे आमच्या घरचं पाणी गेलं. तेही नेमकं ताईला बघायला पाहुणे येणार होते त्या रविवारी.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉमर्सवाल्यांनी एक पेपर दुसऱ्या शाखेचाही घ्यायचा, असा आमच्या कॉलेजचा नियम. सगळ्या मैत्रिणींनी कॉम्प्युटर घेतला. मी नाव द्यायला उशिरा पोचले (मी सगळीकडेच उशिरा पोचते), तोवर उरला होता ‘नीती आणि व्यवहार’. हा पेपर अर्धा तत्त्वज्ञानाच्या मॅडम शिकवायच्या आणि अर्धा अर्थशास्त्राचे सर. मॅडमनी सोमवारी जे न्याय्य ठरवलं, ते सर मंगळवारी ‘परवडत नाही’ म्हणून मोडीत काढायचे. मला दोघांचंही पटायचं.

“फिलॉसॉफी?” बाबा म्हणाले. ते भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फोरमन होते. “बँकेच्या इंटरव्ह्यूत काय सांगणार? मी कोण आहे ते मलाच माहीत नाही?”

पण मला तो विषय चढला. आईने “चहा घेणार का गं?” विचारलं, की मी म्हणायची, “पण घ्यावा का?” आईने दोन दिवस ऐकून घेतलं आणि माझा चहाच बंद केला!

मग मॅडमनी प्रॅक्टिकल दिलं. “नियम करताना असं समजायचं, की त्या नियमात आपल्या वाट्याला कुठली जागा येणार आहे ते आपल्याला ठाऊकच नाही. घरी जाऊन करून बघा.” बाकीच्यांनी टीव्हीच्या रिमोटवर करून बघितलं. मी थेट आमची सोसायटी निवडली.

भाईंदरच्या इंद्रलोक भागातली आमची बिल्डिंग चार मजल्यांची, बिनलिफ्टची. गच्चीवरची टाकी कधी पूर्ण भरायची नाही, आणि प्रत्येक मजल्याला वेगळा वॉल्व. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे सकाळी वॉल्व सोडण्याचा मान त्यांचा. आधी पहिला मजला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याची पाळी येईतो नळातून नुसती फुसफुस यायची. आम्ही राहायचो पहिल्या मजल्यावर. त्यामुळे या पद्धतीत काही चुकतंय असं आमच्या घरात कधी कुणाला वाटलंच नव्हतं.

पार्किंगमधल्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. “सगळ्यांनी डोळे मिटा! आता आपण कुठल्या मजल्यावर राहतो ते विसरा!”

“कैसे भूलूँ बेटी?” चौथ्या मजल्यावरचे शाहकाका म्हणाले. “घुटना याद दिलाता है!”

तरी सगळ्यांनी डोळे मिटले. (नाईककाकांनी ते मीटिंग संपेपर्यंत उघडले नाहीत. त्यांच्या घोरण्यावरून कळलं.) आणि काय सांगू, बंद डोळ्यांनी खरंच एकमत झालं! दर शनिवारी चिठ्ठ्या टाकायच्या आणि येईल त्या क्रमाने आठवडाभर वॉल्व सोडायचे. टाळ्या पडल्या. “माझी मुलगी फिलॉसॉफी शिकते,” असं बाबा चार जणांना सांगत सुटले.

पहिल्याच शनिवारी चिठ्ठ्या मीच उचलल्या. चौथा मजला पहिला आला, आमचा शेवटी.

“अहो, उद्याचा दिवस आपला वॉल्व आधी सोडा ना,” आई म्हणाली. “ताईला बघायला येतायत!”

“आपल्याच पोरीचा नियम आपणच मोडायचा? सेक्रेटरी आहे मी!”

रविवारी सकाळी आमच्या नळाने फुसफुस केली. तो आवाज आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला. साठवलेलं पाणी म्हणाल, तर आम्ही पडलो पहिल्या मजल्याचे! आमच्याकडे पिंप कशाला असेल? पोहे भिजवायला आणि चहाला पुरेल इतकं पिण्याचं पाणी तेवढं होतं. न्हाणीघर कोरडं ठणठणीत.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि महाडहून एसटीने आलेले त्याचे काका. काशीमीऱ्याच्या हायवेची सगळी धूळ अंगावर घेऊन आले होते बिचारे. बसायच्या आधीच काकांनी विचारलं, “बाथरूम कुठंय?”

“आधी बसा तर!” बाबा ओरडले.

“बसतो हो. पण आधी...”

“पोहे! पोहे घ्या!” आईने बशी पुढे केली आणि माझ्याकडे बघून दातओठ खाल्ले. “तुझ्या फिलॉसॉफीला सांग आता, नळाला पाणी आण म्हणून!”

ताई आतल्या खोलीत डोळे पुसत होती. तिला मुलगा फोटोतच आवडला होता. ते बघून माझी नीती आणि माझा व्यवहार दोन्ही गळून पडले. मी दोन बादल्या उचलल्या आणि चौथ्या मजल्यावर धावले.

“काकी, एक बादली!”

“एक क्यूँ? पूरा पीप ले जा!” शाहकाकी म्हणाल्या. त्यांच्या पॅसेजमध्ये पिंपांची रांगच होती, आणि त्या दिवशी सगळी काठोकाठ! मी दोन्ही बादल्या भरून जिना उतरायला लागले. शेवटच्या वळणावर माझा पाय घसरला. खाली मोबाइलची रेंज शोधत मुलगा उभा होता. एक बादली कशीबशी वाचली. दुसरी पूर्ण त्याच्या इस्त्रीच्या पँटवर!

मला वाटलं, संपलं. ताई जन्मभर माझं तोंड बघणार नाही.

“पाणी वरून खाली आणताय?” त्याने पँट पिळत विचारलं. “सगळीकडे उलटं असतं.”

मी घाबरून सगळं सांगून टाकलं. मॅडम, मिटलेले डोळे, चिठ्ठ्या. तो पायरीवर बसून हसला. “मीरा रोडला आम्ही चौथ्यावरच राहतो. द्या ती बादली. तुम्हाला धरता येत नाही.”

मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो वर-खाली करायला लागला. ताई पोह्यांची बशी घेऊन दाराशी आली आणि बघतच राहिली. मग बशी माझ्या हातात देऊन तिने त्याच्या हातातली एक बादली घेतली. बघण्याचा कार्यक्रम जिन्यातच झाला!

काका बाथरूममधून बऱ्याच वेळाने, प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले. “चौथ्या मजल्याचं पाणी पहिल्या मजल्याला मिळतं? मग माणसं चांगली आहेत. आमच्याकडून होकार!”

मॅडमनी मला वर्गात उभं करून शाबासकी दिली. सरांनी विचारलं, लग्नाचा खर्च कोणी केला.

आता मीही काशीमीऱ्याजवळ पहिल्या मजल्यावरच राहते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजूनही सगळ्यांना डोळे मिटायला लावते. न्यायावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी पॅसेजमध्ये पिंपं भरून ठेवलेली असतात, आणि त्यांच्या झाकणांना कुलूप आहे.