भिंतीकडे तोंड करून

तुरुंगात व्यसन सोडवायला आता कॉम्प्युटर आलाय. तो प्रश्न विचारतो आणि कैद्यानं बटण दाबायचं, हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याशेजारी बसून मी प्रश्न वाचून दाखवते. परवा महादेव बसला होता. दारूपायी आत आलेला, सोमवारी सुटणार.

मी वाचलं, “बाहेर गेल्यावर पुन्हा पिणार का?”

“छ्या! पोरीची शपथ, आजी. थेंबाला शिवणार नाही.”

“अरे, मला काय सांगतोस? त्याला सांग.”

त्याचं बोट दोन बटणांच्या मध्येच थांबलं. मग हळूच म्हणाला, “आजी, जरा तिकडं तोंड करा की.”

मी भिंतीकडे वळले आणि आमचे हे आठवले. ते घरी आले की दारातच मी तोंडाचा वास घ्यायची, डोळ्यांत डोळे घालून विचारायची, आणि ते देवाची शपथ घ्यायचे. दारूनंच गेले, अगदी शेवटपर्यंत शपथा घेत. मला वाटायचं, असं रोखून विचारलं की माणूस खरं बोलतो. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांचं खरं घशात अडकत असेल, हे तेव्हा सुचलंच नाही बघा.

“झालं, आजी.”

पडद्यावर नवा प्रश्न आला होता. तो फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच येतो. मी उगाच चष्मा पुसला. पण वाचायला माझ्याशिवाय होतं कोण?

“सुटल्या दिवशीच पिणार का?” मी वाचलं, आणि त्यानं सांगायच्या आधीच भिंतीकडे तोंड केलं.