तातार म्हणजे मूळचे कोण?

नागपूरची बस आमच्या गुडीहत्नूरच्या फाट्यावर थांबली तेव्हा आई रडत नव्हती, भांडत होती. लोणच्याची बरणी नीट बांधली नाही म्हणून बाबांशी. बाबा हेडमास्तर, चारचौघांत आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "कोनी इचारलं कोठची, तर आदिलाबादची म्हन. त्याच्या मागचं खोदू देऊ नको." मी रशियात डॉक्टर व्हायला निघाले होते आणि माझ्या बापाला काळजी थंडीची नव्हती, लोकांच्या प्रश्नांची होती. तुम्ही वस्तीत राह्यलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्हाला हे नवीन नाही. यवतमाळला मावशीकडे गेलो की आपण आंध्रावाले, आदिलाबादच्या ऑफिसात मराठीवाले, आणि दोन्हीकडे बौद्ध म्हटलं की पुढचा सवाल तयार.

मला वाटलं, एवढ्या लांब तरी यातून सुटका होईल. कसली सुटका! कझान हे व्होल्गा नदीच्या काठचं शहर, तातार लोकांचं. माझ्या वर्गातल्या इल्दारला कोणी रशियन म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या आजीने चहात दूध घातलं, आणि होस्टेलचा कोरा चहा पिऊन कंटाळलेली मी चक्क रडले. पुस्तकाला ते किताप म्हणायचे, जगाला दुन्या. बाबा निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले, त्यांच्याच तोंडचे शब्द. पण त्या घरात एक भांडण कायमचं होतं. आजी म्हणायची, आपण मूळचे बुल्गार, या नदीकाठी शेती नि व्यापार करणारे, तातार हे नाव दुसऱ्यांनी चिकटवलं. काका म्हणायचा, माळरानातून आलेल्या घोडेस्वारांचंही रक्त आपल्यात आहे, त्याची लाज कशाला? मी चहा पीत ऐकायचे. हे भांडण मला ओळखीचं वाटत होतं.

शिक्षण संपल्यावर मी इल्दारला घेऊन घरी आले. लग्न करायचं होतं, आणि बाबांच्या होकाराशिवाय करायचं नाही हे मी ठरवलं होतं. तेही बाबांना माहीत होतं. मामा बेल्लमपल्लीहून मुद्दाम आला होता. तो तिथे कोळशाच्या खाणीत कारकून. हौशी माणूस, त्याने आल्या आल्या वस्तीभर सांगून टाकलं की रशियन जावई आला. दारात आलेल्या बायका "रशियन, रशियन" करायला लागल्या. इल्दारला मराठी येत नसलं तरी तेवढा शब्द कळला. त्याने हातातला कप खाली ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, "रशियन नाही. तातार."

मामाचं तोंड उतरलं. "म्हंजे घोड्यावरून येऊन गावं जाळनारे? आन् मुसलमान?"

"घर मुसलमानाचं आहे," मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

जेवणं झाली. हात धुतल्यावर बाबा इल्दारच्या समोर येऊन बसले आणि मला म्हणाले, "इचार त्याले. तातार म्हंजे मूळचे कोन?"

माझं डोकं सणकलं. मी लहान असताना बाबांची नेरडीगोंड्याला बदली झाली होती. खोली ठरली, सामान आत गेलं, आईने चूल मांडली, आणि घरमालकाने सहज विचारावं तसं विचारलं, "गुरुजी, बौद्ध म्हणजे मूळचे कोण?"  ट्रंक उचलून बाबा बाहेर पडले, मागोमाग आम्ही. पुढेही असं झालं की ते असेच उठून जायचे. आणि आज तेच विचारून राह्यले होते.

"मी नाही विचारणार," मी म्हटलं.

"काऊन?"

"नेरडीगोंड्याच्या घरमालकानं विचारलं तवा तुमी काय केलं होतं?"

आई दारात थिजली. बापाला असं उलटून बोलायची आपल्याकडे रीत नाही. बाबांचा चेहरा पार उतरला, आणि मला वाटलं, झालं, आपणच आपल्या हाताने सगळं संपवलं. इल्दारने विचारलं, काय चाललंय? मी त्याला सगळं सांगितलं, घरमालकासकट. त्याने उत्तर दिलं आणि मी ते बाबांना मराठीत सांगितलं. कोणी बुल्गार म्हणतं, कोणी घोडेस्वार म्हणतं, आमच्या घरातच अजून ठरलेलं नाही. नाव दुसऱ्यांनी दिलं, शिवीसारखं वापरलं. तरी आम्ही ते टाकलं नाही.

"आमी टाकलं," बाबा म्हणाले. "आमच्या बापानं टाकलं, धम्म घेतला, आन् चांगलं केलं." मग म्हणाले, "ह्यायनं ठेवलं. ज्याचं त्याले समजते." आणि उठून आतल्या खोलीत गेले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला झोप कसली येते!

सकाळी ते इल्दारला घेऊन फाट्याकडे निघाले. मी घाबरत मागे. चहाच्या हॉटेलात म्हातारे पटवारी होते, बाबा इल्दारला घेऊन त्यांच्याच बाकड्यावर बसले. पटवाऱ्यांनी विचारलं, "गुरुजी, पाहुने कोन?"

"जावई माझे. तातार हायेत."

"तातार म्हंजे?"

"म्हंजे तातार," बाबा म्हणाले. "चहा सांगा."

पटवाऱ्यांनी अजून काही विचारायला तोंड उघडलं होतं. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी निमूट चहा सांगितला.

आता बाबा नाहीत, मी कझानचीच झाले आहे. तुम्ही फोनवर विचारता, घराची आठवण येते का? येते, रोज येते. पण ते आपलं कौलारू घर नाही, हॉटेलातलं ते बाकडं आठवतं. स्वतःसाठी बाबा दर वेळी उठून गेले होते. इल्दारसाठी ते तिथे बसून राह्यले.